सरव्याची बँक

हिंगोली
रविवार, २७ एप्रिल

प्रिय दीक्षा,

सप्रेम जयभीम.

गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की माझी तांड्यावरची बँक बेकायदेशीर आहे, परवाना नसताना कुणाच्या ठेवी घेता येत नाहीत, आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून हे लिहिते आहे. फोनवर मला राग आवरत नाही. कागदावर तो दुसऱ्या ओळीपर्यंतही टिकत नाही. खुशालीचं सगळं शेवटी. अक्षर मोठं झालंय आणि ओळी वाकड्या गेल्या आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस, मजकूर वाच. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, बँकेचा चार्ज मी काल दिला. दुसरी सांगायला मला थोडा वेळ लागेल, तेव्हा आधी पहिलीच.

कायद्याचं आधी उरकते. आम्ही पैसे ठेवून घेत नाही. हळकुंडं घेतो. ती विकली की आलेले पैसे ज्याच्या त्याच्या नावावर गावातल्या खऱ्या बँकेत जातात, आणि दहा वर्षं पूर्ण झालेलं लेकरू तिथे स्वतःची सही करतं. आता हळकुंडाला कोणता कायदा लागतो ते तुझ्या वरिष्ठांना विचारून कळव. तू शाखा सांभाळतेस, तुला काळजी वाटणं बरोबर आहे. पण 'आई, तू काय चालवून राहिलीस तिथं' असं जे म्हणालीस ना, ते मला लागलं. पुण्यात इतकी वर्षं राहून रागात तुझ्या तोंडून आपलीच भाषा निघते हे ऐकून बरंही वाटलं, पण ते नंतर, फोन ठेवल्यावर.

तू कधी आली नाहीस तिकडे, म्हणून सांगते. साखऱ्याच्या पुढे तो तांडा आहे. मी तिथल्याच शाळेतून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळच्या शाळेला जात राहिले, कारण मुलांना बँक शिकवायची राहून गेली होती. पूर्वी शाळांमधून संचयिका असायची, मुलं पैसा-पैसा टाकायची, ते सगळं कधीच बंद पडलं. मी म्हटलं, पुन्हा सुरू करू. पेटी आणली, कार्डं छापली. पहिल्या शनिवारी किराणा दुकानदाराची दोन मुलं नाणी घेऊन पुढे आली आणि बाकीचा वर्ग दाराला टेकून बघत राहिला. दुसऱ्या शनिवारी तेच. नांदेडला मी बी.कॉम. केलं तेव्हा वर्गात आम्ही चारच मुली होतो. बँकिंगचा पेपर मला तोंडपाठ होता. त्या पेपरात ज्याच्याजवळ टाकायला काहीच नाही त्याचं काय करायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या शनिवारी मी विचारलं, तुमच्याजवळ स्वतःचं असं काय असतं?  मग मोहनसिंग नावाचं एक वांड पोरगं म्हणालं, "बाई, सरवा हाय."

सरवा तुला आठवत असेल. पीक काढून नेल्यावर रानात जे राहतं ते वेचायचं, आणि जो वेचेल त्याचं ते. मालक त्यावर हक्क सांगत नाही. आता इकडे विहिरीच्या पाण्यावर जिकडे तिकडे हळद झाली आहे. हळद खणून नेली की मातीत तुकडे राहतात, आणि तांड्यावरची लेकरं शाळा सुटल्यावर ते उकरत हिंडतात. ते तुकडे दुकानात जाऊन चॉकलेटच्या भावानं संपायचे. मी म्हटलं, ते इथे आणा. एका शेतकऱ्याला विनंती केली, त्यानं आपल्या शेवटच्या काहिलीत मुलांचं पोतं शिजवून दिलं. शाळेच्या गच्चीवर वाळवलं. वाळताना वजन किती घटतं ते मुलांनी पाहिलं आणि रडकुंडीला आली. मी म्हटलं, हा पहिला धडा. मग मोंढ्यात, धान्याच्या बाजारात नेलं. हर्राशीत आपल्या पोत्याजवळ माणसं भाव बोलताहेत हे बघून मोहनसिंग इतका ताठ उभा राहिला की अडत्यानं विचारलं, "मालक तुमीच का?" तो म्हणाला, "मी एकला न्हाई, पंधरा-वीस मालक हाईत. बाकीचे शाळेत हाईत."

मापाचा नियम मी पहिल्या दिवसापासून कडक ठेवला. काटा मधोमध. बँकेनं झुकतं माप घ्यायचं नाही. पण या लेकरांच्या हाताला वळण वेगळंच. घरी, बाजारात, सगळीकडे माप झालं की वर एक टाकायचं, ही त्यांची रीत. काटा स्थिर झाला की हळूच वर एक हळकुंड टाकणार. मी ते उचलून परत हातात द्यायची. "हे कशाला?" "वरचं हाय बाई." "बँकेत वरचं नसतं. घरी ने." दर शनिवारी हेच. शेवटी त्यांनी टाकणं बंद केलं. निदान मला तसं वाटलं.

बरं, ठेवायला शिकवणं सोपं गेलं. मागायला शिकवताना मी थकले. आता जी बँकेची मॅनेजर आहे ती रुपा तेव्हा चौथीत होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ही आजीजवळ. तिचं सगळ्यांपेक्षा जास्त जमा, कारण ती वेचायला सकाळीच जायची. एप्रिलच्या उन्हात ती अनवाणी शाळेत यायला लागली. चप्पल तुटली होती. मी म्हटलं, तुझे पैसे आहेत, काढ, चप्पल घे. मान खाली घालून उभी राहिली. पुढच्या शनिवारीही अनवाणी. मी जरा चिडूनच विचारलं तेव्हा म्हणाली, "बाई, तुमाला दिलेलं मागं काहून मागू? बरं दिसत न्हाई." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हिनं ठेवलेलंच नव्हतं. हिनं दिलं होतं. एकटीनं नाही, सगळ्यांनीच. इतकी वर्षं मी खाती उघडत होते आणि लेकरं मला आहेर करत होती.

मी वर्गात समजावलं. दिलेलं वेगळं, ठेवलेलं वेगळं. दिलेलं मागायचं नसतं. ठेवलेलं मागायला लाजायचं नसतं. त्याच्या पुढच्या शनिवारी रुपाची आजी, भिकाबाई, शाळेत हजर. दंडापर्यंत बलोती बांगड्या, हातात काठी, आवाज सगळ्या तांड्याला जाईल असा. "बाई, तुमी पोरींना मागाया शिकवून राहिल्या म्हनं? आमच्यात दिलेलं परत मागनाऱ्याच्या दारात कोनी बसत न्हाई." मी म्हटलं, आजी, कणगीतून ज्वारी काढता, तेव्हा कणगीजवळ मागता का? म्हणाली, "काहून मागू? कनगी माझी हाय." म्हटलं, ही कणगीपण रुपाचीच आहे. म्हातारीनं पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मंग कनगीचं तोंड तुमच्याकडं काहून?" त्या दिवसापासून हळकुंडांच्या आणि पासबुकांच्या त्या पेटीची किल्ली मुलांच्या मॅनेजरकडे असते. माझ्याकडे फक्त दुसरी.

त्यातच खऱ्या बँकेतून निरोप आला की काही मुलांची खाती बंद पडली आहेत. दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही की ती निष्क्रिय होतात. मी तुला फोन केला होता, आठवतं? तू म्हणालीस, "पैसे कुठं जात नाहीत आई. खातेदारानं स्वतः अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचं, खातं परत चालू होतं. पण अर्ज त्यानंच करावा लागतो." ते मी फळ्यावर लिहून ठेवलं. आणि मग मागणीचा शनिवार सुरू केला. वर्षातून एकदा प्रत्येकानं टेबलासमोर यायचं, मोठ्यानं म्हणायचं, "माझं मला द्या," आणि हळकुंडं नाहीतर बँकेची भरलेली स्लिप, थोडं तरी काढून न्यायचं. पुढच्या शनिवारी परत आणून ठेवलं तरी चालेल, पण मागायचं. दीक्षा, तू हसशील. एकजण म्हणाला, "असलं तर द्या." एकीनं टेबलाच्या पायाकडे बघत म्हटलं. एकानं पुढे 'मेहरबानी करून' जोडलं. मी म्हटलं, पुन्हा. मेहरबानी कशाची? कुणाचं? कुणाला? मोठ्यानं. मोहनसिंग इतका मोठ्यानं ओरडला की शाळेमागच्या शेळ्या दावणीला हिसके द्यायला लागल्या. रुपाला तिसऱ्यांदा जमलं. तिनं चप्पल घेतली, निळी, आणि आठवडाभर हातात धरून शाळेत आली.

तुला मी पाचवीत असताना बँकेत नेलं होतं, ते तू अजून लोकांना सांगतेस. खिडकी तुझ्या डोक्याच्या वर होती. तू म्हणालीस, आई उचल. मी म्हटलं, टाचा उंच कर. कॅशियरला तुझी फक्त बोटं आणि स्लिप दिसत होती. तुझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी तू फोन करून म्हणालीस, "आई, आता मी खिडकीच्या आत आहे, टाचा अजून दुखतात." बाबा होते तेव्हा; ते दिवसभर हे वाक्य मित्रांना सांगत फिरले. मी काही बोलले नव्हते. मी बोलत नाही, हे तुझं जुनं गाऱ्हाणं आहे. गेल्या रविवारीही तू म्हणालीस, "काही विचारलं की तुझं 'नको', काही सांगितलं की 'मला कळतं'. आई, तुझ्याशी बोलायचं कुणीकडून?" त्यानंतर मी फोन ठेवला. कायद्यावरून नाही ठेवला.

चार्ज द्यायचं मी दिवाळीनंतरच ठरवलं होतं. प्रवास होत नाही. एस.टी.च्या पायरीचा अंदाज चुकतो, नरसीजवळ एकदा उतरताना पडता पडता कंडक्टरनं धरलं आणि ओरडला, "आजी, दांडी तिकडं हाय!" शाळेच्या दाराची डावी चौकट दोनदा खांद्याला लागली. प्रश्न होता, द्यायचा कुणाला. ओमप्रकाश गुरुजींना विचारलं. तरुण आहे, चांगला शिकवतो. म्हणाला, "बाई, सकाळपासून मोबाइलवर माहिती भरून राहिलो, शिकवायलाच चोरून वेळ काढतो. मला साक्षीदार करा, मालक नका करू." सरपंचांना विचारलं, ते म्हणाले मोठा कार्यक्रम घेऊ, फोटो काढू. मी म्हटलं राहू द्या. मला मनातून दिसत होतं की मी जायचं थांबले की पेटीवर नकाशे आणि जुने तक्ते ठेवले जातील आणि लेकरं हळकुंडं घेऊन पुन्हा दुकानात जातील. दोन महिने हेच डोक्यात. झोप नीट लागत नव्हती. शेवटी म्हटलं, मुलांची बँक आहे, मुलांनाच देऊ. रुपा आता सहावी झाली. ती वर्षभर सांभाळेल, सातवी होऊन जाताना स्वतः पुढचीला चार्ज देईल. व्यवहाराला साक्षीदार गुरुजी. भिकाबाईला विचारलं, पोरीला शनिवारी वेचायला नेणार नाही ना? तर म्हणाली, "नेत न्हाई. मॅनेजरनीची आजी हाय मी, मलाच आता लाइनीत उभं करतीय ती."

काल शेवटचा शनिवार. टेबलावर सगळं मांडलं. मी एकेक वस्तूचं नाव घेत होते, रुपा हात लावून बघत होती आणि लिहून घेत होती. सगळं झालं. मी सही करायला पेन उघडलं तर ती म्हणाली, "बाई, तुमचं ऱ्हायलं." म्हटलं, माझं काय? तिनं माझ्या डाव्या बाजूला हात केला. मान पूर्ण वळवली तेव्हा दिसलं. खुर्चीला लागून भिंतीत खिळा आहे, त्याला कापडी पिशवी टांगलेली, हळकुंडांनी भरलेली. मी दर शनिवारी त्याच खुर्चीवर बसत होते. "ही कुणाची?" "तुमची. वरच्याची." मी हातात परत देत होते ते हळकुंड लेकरं घरी नेत नव्हती, माझ्या डावीकडून जाताना त्या पिशवीत टाकत होती. विचारलं, कधीपासून? रुपा म्हणाली, "तुमी डावीकडं बघत न्हाई तवापासून." मागून मोहनसिंग म्हणाला, "म्हनून तर आमी सारे उजवीकडून येतो, डावीकडून जातो बाई." मला वाटत होतं, मुलांना रांगेची शिस्त लागली.

मी म्हटलं, मला नको, वाटून घ्या. रुपानं पिशवी खिळ्यावरून काढली, टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. "नको चालत न्हाई. नियम तुमचाच हाय. मागा."  गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, दे. म्हणाली, "कुणाचं? कुणाला?" मी पुन्हा म्हटलं, पण आवाज टेबलाच्या पुढे गेला नाही. "मोठ्यानं, बाई."  ते तीन शब्द मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांकडून म्हणवून घेतले आणि स्वतः एकदाही म्हटले नव्हते. तुझ्या बाबांजवळ नाही, माझ्या भावांजवळ नाही, शिक्षण खात्याजवळ नाही. तिसऱ्यांदा मी उभी राहिले आणि म्हटलं. मग तिनं पिशवी तोलली, काटा मधोमध, वर काही न टाकता, आणि माझी सही घेतली.

आता दुसरी गोष्ट. मला काचबिंदू आहे. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा मी चष्म्याचा नंबर बदलला म्हणाले. नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, ती परत येत नाही. उजव्याला सुरुवात आहे, ती औषधानं थोपवता येईल. थेंब सकाळ-संध्याकाळ नेमानं पडले पाहिजेत, आणि ते माझ्या हातून गालावर पडतात. तुला वाढवलं, शिकवलं, ते दिलेलं होतं. ते मी मागत नाही, मागणारही नाही. पण तू दर दिवाळीला 'आई, राहायला ये' म्हणायचीस आणि मी 'पुढे बघू' म्हणायचे. ते मी नाकारलं नव्हतं, दीक्षा, तुझ्याजवळ ठेवलं होतं. तुला ते कळेल कसं, मी बोलतच नाही. गेली दोन वर्षं तू विचारणं बंद केलंस. म्हणजे खातं निष्क्रिय झालं असणार, आणि तूच म्हणाली होतीस, अर्ज खातेदारानंच करायचा. हा अर्ज समज. सकाळी उजेड येईल अशी एक खोली, आणि दोन वेळा माझा डोळा उघडा धरून थेंब घालणारा हात. मेहरबानी म्हणून नाही. माझं मला दे. पत्र मिळालं की फोन कर, मी ठेवणार नाही. प्रकृती बाकी ठीक आहे.

कालच्या नोंदीची नक्कल खाली उतरवून देते. शब्द रुपाचे आहेत, मी एकही सुधारलेला नाही.

तुझीच, आणि या वेळी मागून तुझी,
आई

दिल्याघेतल्याची नोंद

तागडी एक. मापं सगळी, अर्ध्या किलोचं हरवलं, त्याच्या जागी नदीचा गोटा, तोलून बराबर केलेला.
पत्र्याची पेटी एक, किल्ल्या दोन. आता दोनी माझ्याकडं.
शिक्का एक. पॅड वाळलेलं.
कोरी कार्डं, एक गठ्ठा.
बाईंची खुर्ची. जागा बदलून खिडकीजवळ ठेवली.
वरील सर्व ज्योती बाईंनी दिलं, मी घेतलं.
बाईंना परत: हळकुंडं, एक पिशवी. भेट न्हाई, ठेव. बाईंनी तीनदा मागितली. तिसऱ्यांदा बराबर मागितली. मग दिली.

रुपा शंकरसिंग, मॅनेजर
साक्षीदार: ओमप्रकाश गुरुजी